सायकलचा घोडा

"दसऱ्याच्या आत घरात एक घोडा आणायचा म्हणतो," असे मी गेल्या वर्षी एका सकाळी चहा पिता पिता बोलून गेलो. आमच्या सौ.ने वर्तमानपत्रातून डोके वर न काढता विचारले, "बांधणार कुठं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. घराला गॅलरी एकच, आणि तिच्यात आधीच कपडे धुण्याचे यंत्र, तुळस, कोरफडीच्या दोन कुंड्या आणि दोन सायकली अशी दाटीवाटी आहे. त्यातून मी मराठीचा प्राध्यापक. 'घोडा' म्हटल्यावर माझ्या मनात कोणता घोडा असेल ते घरच्या माणसांनाही सांगता येत नाही. बंदुकीला घोडा असतो, बुद्धिबळात घोडा असतो, गवंडी भिंत बांधताना ज्यावर फळी टाकतो तोही घोडाच. मला हवा होता तो सायकल दुरुस्त करताना तिला जमिनीपासून उचलून धरणारा घोडा. बाजारात त्याला 'रिपेअर स्टँड' म्हणतात. मी घोडा म्हणतो, कारण आमचे अण्णा म्हणजे माझे वडील तसे म्हणत. अर्थात त्यांनी तो जन्मात कधी विकत घेतला नाही. "घोडा असता तर बरं झालं असतं," असे ते दर रविवारी कमरेवर हात ठेवून म्हणत आणि पुन्हा कामाला लागत.

त्या दोन सायकलींची ओळख करून दिली पाहिजे. एक आमच्या चिरंजीवांची. ती गिअरची आहे, ॲल्युमिनिअमच्या सांगाड्याची, आणि तिचे ब्रेक मोटारीसारखे तेलावर चालतात. दुसरी अण्णांची काळी ॲटलस. १९७८ च्या दिवाळीला गिरणीचा बोनस मिळाला त्यातून त्यांनी ती घेतली. माझ्यापेक्षा ती दोन वर्षांनी मोठी, म्हणून लहानपणी मला वाटे की घरात तिचा मान माझ्या आधी आहे तो वयामुळेच. हरियाणातल्या सोनीपतला १९५१ साली सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता! ती बातमी वाचून मी गॅलरीत जाऊन आमच्या ॲटलसवरची धूळ पुसून आलो. एरवी धूळ पुसणे हे माझे काम नव्हे.

अण्णा सोलापूरच्या एका गिरणीत जॉबर होते. या गावात पहिली गिरणी सुरू झाली १८७७ साली, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे गावाचे घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. पाळी सुटली की रस्त्यावर सायकलींचा लोंढा येई. घंट्यांचा तो किणकिणाट मी लहानपणी ऐकला आहे. आठवड्याचे सहा दिवस अण्णा त्या लोंढ्यातले एक असत. रविवारी मात्र ते कोणाचेही नसत, फक्त सायकलचे असत.

अंगणात पोते अंथरायचे, त्यावर जुनी विरलेली सोलापुरी चादर. मग घंटी सोडवून बाजूला ठेवायची, कारण ती खाली दबली तर वाकते. आणि मग सायकल एका झटक्यात उलटी करून सीट आणि हँडल यांवर उभी करायची. चाके आकाशाकडे. त्या अवस्थेत ती मला नेहमी पाठीवर पडलेल्या झुरळासारखी दिसे, पण हे अण्णांना सांगण्याची माझी छाती नव्हती. वाटीत रॉकेल, दुसऱ्या वाटीत ग्रीस. माझे काम एकच होते, छर्रे मोजण्याचे. मागच्या चाकात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ. पुढच्या चाकात बारीक छर्रे, दोन्हीकडे दहा-दहा. एकदा मागच्या चाकाचे सतराच भरले. अठरावा सापडेपर्यंत अण्णा जेवायला बसले नाहीत. शेवटी तो माझ्या चड्डीच्या खिशात निघाला. गोटी म्हणून मीच ठेवला होता!

या सगळ्या सोहळ्याला आमच्या पेठेत 'ओव्हरऑइलिंग' म्हणत. मूळ शब्द 'ओव्हरहॉलिंग' आहे हे मला पुढे बी.ए.ला असताना समजले. पण मला अजून वाटते की आपल्या लोकांनी केलेली दुरुस्ती मूळ शब्दापेक्षा सरस आहे. अण्णा चेनवर जितके तेल ओतीत ते पाहिलेल्या माणसाला दुसरा शब्द सुचणारच नाही.

तर ही विद्या मी अण्णांकडून शिकलो आणि चिरंजीवांना शिकवली. सायकलचे काही काम निघाले की ती आधी उलटी करायची. हे मी त्याला इतके पक्के शिकवले होते की त्यात चूक असू शकते ही शंकाही कोणाच्या मनाला शिवली नव्हती.

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी चिरंजीव आणि त्याचे तीन मित्र सायकलींवरून तुळजापूरला गेले. सोलापूरहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. कोजागिरीला तर हा रस्ता पायी जाणाऱ्या माणसांनी भरून वाहतो, तेव्हा आमच्याकडे तुळजापूरला जाण्याचे कोणाला अप्रूप नाही. वाट बरीचशी सपाट आहे, शेवटी मात्र बालाघाटचा डोंगर चढावा लागतो, आणि चढलेले परत येताना उतरावेही लागते. संध्याकाळी पोरगा घरी आला तो कोपर सोलवटून. "खड्ड्यात घसरलो," म्हणाला. आईने हळद लावली, मी रस्ते बांधणाऱ्यांना चार शब्द सुनावले आणि विषय संपला.

तिसऱ्या दिवशी रात्री तो माझ्या टेबलाशी येऊन उगाच पेपर चाळू लागला. उत्तरपत्रिका तपासताना मुले जवळ आली की समजावे, काहीतरी आहे. म्हणाला, "बाबा, आईला सांगू नका. खड्डा-बिड्डा काही नव्हता. ब्रेक लागला नाही."

हकिकत अशी. देवीचे दर्शन घेऊन निघताना मागचे चाक पंक्चर निघाले. सामान जवळ होते. त्याने घाटमाथ्यावर कडेला सायकल उलटी केली, ट्यूब काढली, ठिगळ लावले, चाक बसवले, हवा भरली. सगळे शिकवल्याप्रमाणे. सायकल सरळ केली आणि मित्र पुढे गेले होते म्हणून लगेच उतार धरला. पहिल्या वळणाआधी मागचा ब्रेक दाबला तो मूठ सरळ हँडलला जाऊन टेकली. पुढचा दाबला, तोही मऊ. समोरून एस.टी. येत होती. त्याने मुठी दाबल्या, सोडल्या, दाबल्या, सोडल्या, तेव्हा पुढचा थोडा धरला. मग त्याने सायकल डोंगराच्या बाजूच्या मुरमात घातली आणि अंग टाकून दिले. "दुसऱ्या बाजूला घातली असती तर..." एवढे बोलून तो थांबला. मी लाल शाईच्या पेनचे टोपण लावले. ते दोनदा हातातून पडले.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पहिला तास होता तो मी सोडला आणि सायकल ढकलत जुन्या पेठेतल्या मामांकडे गेलो. मामा म्हणजे आमच्या लहानपणापासून लिंबाच्या झाडाखाली बसणारे सायकलवाले. घरी तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी सोलापुरी मराठी. त्यांचे दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याचे घमेले, आणि लिंबाच्या फांदीवरून सोडलेल्या दोन साखळ्या. त्यांच्या टोकांना आकडे. एक आकडा सीटखाली, एक हँडलला, की सायकल छातीइतक्या उंचीवर टांगलेली. हा प्रकार मी चाळीस वर्षे पाहत होतो, पण पाहणे आणि लक्षात येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मामांनी मूठ दाबली आणि माझ्याकडे पाहिले. "उलटी केलता काय ओ सर?"

"हो. नेहमीच करतो."

"हिला उलटी करायचं नाही की! ही अण्णांची गाडी हाय का?"

मग त्यांनी समजावून सांगितले ते असे. ब्रेकच्या मुठीत तेलाची बारीकशी टाकी असते. तेल जुने झाले, थोडे कमी झाले, की टाकीत हवेचा बुडबुडा राहतो. सायकल सरळ असेपर्यंत तो वर राहतो आणि कोणाचे काही बिघडवत नाही. सायकल उलटी केली की टाकी खाली, चाक वर. बुडबुडा नळीत शिरतो. मग मूठ दाबली की आधी हवा दबते, आणि तेलाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. "तेल दबत नाही सर, हवा दबते," मामा म्हणाले. आमच्या अण्णांच्या ॲटलसला ब्रेकसाठी लोखंडी सळ्या आहेत. तिला उलटी करा, आडवी करा, विहिरीत टाका, सळी ती सळीच.

म्हणजे घाटातला तो प्रकार माझ्या शिकवणीतून झाला होता. मामांनी तसे म्हटले नाही. तेल बदलून हवा काढण्याचे काम त्यांच्याकडे होत नव्हते, त्यांनी मला नव्या दुकानाचा पत्ता दिला. निघताना म्हणाले, "घरी काम करायचं तर उभी ठेवून करा. घोडा घ्या एक."

म्हणून घोडा.

पहिला प्रयोग अर्थातच फुकटचा. आमच्या दिवाणखान्यात छताला दोन भक्कम कड्या आहेत, सौ.च्या माहेरून आलेल्या शिसवी झोपाळ्याच्या. ती एका दुपारी भिशीला गेल्यावर मी आणि चिरंजीवांनी झोपाळा उतरवला आणि मामांच्या धर्तीवर सायकल टांगली. टांगली छान. पण नटाला पाना लावून जोर दिला की सायकल जोराच्या दिशेने निघून जाई. पाना फिरे, नट फिरे आणि सायकलही फिरे. लिंबाखाली मामा तिला एका गुडघ्याने दाबून धरतात, ती कला चाळीस वर्षांची आहे. तिसऱ्या खेपेस मागच्या चाकाने शोकेसच्या काचेला स्पर्श केला. काच फुटली नाही, नुसती तडकली. सौ.चे नंतरचे भाषण मी येथे देत नाही. त्यातला मथितार्थ एवढाच की कड्या झोपाळ्याच्या आहेत आणि झोपाळा तिचा आहे.

आमच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक मित्रांकडे एक ठेंगणा स्टँड आहे. तो मागच्या चाकाच्या आसाला दोन्हीकडून धरतो आणि चाक चार बोटे उचलतो. स्वस्त, हलका, पलंगाखाली मावणारा. चेन पुसायला आणि गिअर जुळवायला यापेक्षा अधिक कशाचीही गरज नाही, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे आहे. ज्याला तेवढेच करायचे त्याने तोच घ्यावा, उगाच पैसे घालवू नयेत. पण मागचे चाक काढायचे झाले तर? तो धरतो तेच नेमके काढायचे! शिवाय काम जमिनीवर बसून करायचे. माझी कंबर फळ्यासमोर पाऊण तास उभी राहते, पण जमिनीवरून उठताना तिला कोणीतरी हात द्यावा लागतो.

मग उरला तो खरा घोडा: उभा खांब, खाली उघडमिट होणारे पाय, वर एक आडवा हात आणि हाताच्या टोकाला रबराच्या ओठांची पकड. सायकल त्या पकडीत द्यायची आणि हवी तशी तिरपी करायची. मोबाईलवर याची चित्रे पाहू लागलो तो इतके प्रकार निघाले की लग्नासाठी मुली पाहणे सोपे वाटावे. दोन पायांचा, तीन पायांचा, चौकोनी पाटावरचा; लोखंडी, ॲल्युमिनिअमचा. एक तर पुढचे चाक काढून सायकलला खालून, पॅडलच्या पोटाशी धरणारा. तो शर्यतवाल्यांसाठी उत्तम, पण अण्णांच्या सायकलचे पुढचे चाक काढायचे म्हणजे अर्धा तास जायचा. प्रत्येकापुढे लिहिलेले, इतके किलो वजन पेलतो. आता आमच्या सायकलींचे वजन कोणाला ठाऊक? दोन्ही रद्दीवाल्याच्या काट्यावर नेल्या. चिरंजीवांची भरली पंधरा किलो, अण्णांची एकवीस. रद्दीवाल्याने ॲटलसकडे पाहून किलोचा भाव सांगितला. मी काही न बोलता तिला घेऊन आलो.

भौतिकशास्त्राच्या मित्रांनी एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात चांगली भरवली. नुसते किलो पाहून भागत नाही. सायकल खांबावर नसते, खांबाच्या पुढे, हातभर अंतरावर लोंबकळत असते. तो सगळा भार खांबाला पुढे ओढतो. म्हणून पाय किती लांब आहेत आणि सायकलच्या खाली पुढेपर्यंत येतात की नाही, हे आधी पाहायचे. त्यात आपण पान्यावर जोर देणार, तो भार वेगळा. एकवीस किलोच्या सायकलला पंचवीस किलोचा घोडा घेणारा माणूस आपल्या पायाच्या अंगठ्याशी वैर धरतो, असे ते म्हणाले.

दुकानातल्या किमती पाहून मी मध्येच एका फॅब्रिकेशनवाल्याकडेही गेलो. तो खिडक्यांच्या जाळ्या आणि जिन्याचे कठडे करतो. त्याने चित्र पाहिले आणि विचारले, "यावर काय ठेवायचं? मोटर?" मग त्याने दोन इंची पाइप, अर्ध्या इंचाचा पत्रा असा आराखडा काढला. वजन विचारले तर म्हणाला, "चाळीस किलो तर पाहिजेच की, नाहीतर पडंल!" आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. पण त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्या घोड्यांची आज जगभर नक्कल होते त्यांचा पूर्वजही असाच होता. १९६३ साली अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरात हॉकिन्स आणि एंगस्ट्रॉम या दोन सायकल दुकानदारांनी वाकून वाकून कंबर धरली म्हणून आपल्यापुरता एक घोडा जुळवला. त्याला जेवणाच्या टेबलाचा पाया होता, तोफेच्या गोळ्याच्या नळकांड्यात ओतलेले काँक्रीट होते आणि जुन्या फोर्ड ट्रकचा आस होता. त्यातूनच पुढे पार्क टूल ही हत्यारे करणारी कंपनी निघाली. अण्णांना ही गोष्ट कोणी सांगितली असती तर आमच्या जेवणाच्या टेबलाची धडगत नव्हती. सुदैवाने तेव्हा आम्ही पाटावर जेवत होतो.

निवड दोन घोड्यांवर येऊन ठेपली तेव्हा मी चित्रे घेऊन पुन्हा मामांकडे गेलो. मनात एक संकोच होता. घरी घोडा आणायचा म्हणजे मामांचे काम आपण घेणार, आणि सल्लाही त्यांनाच विचारायचा! सायकली कमी झाल्या, लोक दुचाक्यांवर गेले. लिंबाखाली एका वेळी सहा-सहा गाड्या टांगलेल्या असत तिथे आता एखादीच दिसते. मी हे आडून आडून बोलून दाखवले.

मामा मोठ्याने हसले. "तुमच्या अण्णांनी कधी पंक्चर तरी दिलं का मला? हवा पण घरी भरायचे. गिऱ्हाईक नव्हतेच ओ ते." मग पेटीतला एक पाना पुसत ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "गिरणी बंद पडली तवा इथं बसायचे की. ह्या दगडावर."

"गप्पा मारायला?"

"गप्पा कुठलं सर. रिमचा आऊट काढायचे. पाच-सहा महिने. चाकामागं पैसे द्यायचो मी. माझ्यापेक्षा हात चांगला. स्पोक असा बोटानं वाजवून बघायचे, सतारीसारखा. ढिला कुठला ते आवाजावर सांगायचे." थोडा वेळ थांबून म्हणाले, "घरी सांगू नको म्हणले होते. तुमच्या आईसाठी. आता दोघं पण नाहीत, म्हणून सांगायलोय."

मला ते महिने चांगले आठवतात. अण्णा पूर्वीसारखेच डबा घेऊन पहिल्या पाळीच्या वेळेला निघत. "चौकशीला जातो, युनियनचं काम आहे," म्हणत. बोटांना ग्रीस असे. आई म्हणे, सायकल काय रोज उलटी करता की काय! त्या जूनमध्ये मी अकरावीत गेलो. फी वेळेवर भरली गेली होती. कुठून, हे विचारण्याचे माझे वय नव्हते, किंवा असेलही, मी विचारले नाही. पुढे त्यांना एका गोदामावर रखवालदाराची नोकरी मिळाली आणि त्या दगडावर दुसरे कोणी बसू लागले.

मामांनी माझ्या हातातली चित्रे घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "पाय कोण पण करतंय सर. पकड बघा. रबर जाड पाहिजे, बदलता यायला पाहिजे. आणि हे पोराचं गाडीचं पत्रा पातळ असतंय, मधल्या दांडीला पकडायचं नाही, चेपतंय. सीटच्या खांबाला पकडा." एका चित्रावर बोट ठेवले. "हे घ्या." मग आणखी एक ताकीद दिली, तीही लिहून ठेवण्यासारखी. घोड्यावर सायकल अधांतरी असते, चाक आपल्या वजनाने खाली लोंबते. तेव्हा चाक बसवून नुसते तिथेच आवळून मोकळे व्हायचे नाही. सायकल जमिनीवर उतरवायची, चाक ढिले करून तिच्या वजनावर नीट बसू द्यायचे आणि मग आवळायचे. "हे विसरला तर ब्रेकपेक्षा वाईट," मामा म्हणाले.

घोडा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आला. खोका पाहून शेजाऱ्यांनी नवा टी.व्ही. आला म्हणून अभिनंदन केले. तीन पाय, काळा खांब, लाल पकड. जोडायला आम्हा बापलेकांना दीड तास लागला, त्यातला एक तास मी माहितीपत्रकातल्या भाषेवर टीका करण्यात घालवला. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या पान्यांबरोबर त्यालाही हळदकुंकू आणि झेंडूचे फूल मिळाले. सौ.ने ते स्वतः वाहिले. तडकलेल्या काचेचा विषय त्या दिवसापुरता निघाला नाही.

चिरंजीवांना वाटले होते की आपलीच सायकल आधी चढणार. मी ॲटलस चढवली. तिच्या सीटचा खांब जेमतेम दोन बोटे बाहेर, कारण अण्णा ठेंगणे होते; पकडीला तेवढी जागा पुरेना. म्हणून नट ढिला केला, तेल सोडले, बराच वेळ हिसके दिले, तेव्हा खांब कुरकुरत वर आला. त्यावर कानशीने मारलेली एक बारीक रेघ होती. ओव्हरऑइलिंगनंतर सीट पुन्हा बरोबर आपल्या उंचीला बसवता यावी म्हणून अण्णांनी करून ठेवलेली खूण. रेघेखालचा भाग नव्यासारखा चकचकीत होता. मी तिथे पकड आवळली आणि आम्ही दोघे मागे सरलो. एकवीस किलोंची ती सायकल छातीच्या उंचीवर स्वस्थ राहिली.

मी मागचे चाक फिरवले. ब्रेकच्या गुटक्याला पेन्सिल टेकवून तिचे टोक रिमजवळ धरले, अण्णा धरत तसे. चाक आउट असेल तर रिम पेन्सिलीला एका जागी घासते. कितीतरी वर्षे त्या चाकाला कोणी हात लावला नव्हता. गॅलरीत ऊन, पाऊस आणि कुंड्यांचे पाणी खात ती उभी होती. चाक फिरत राहिले. पेन्सिलीला रिम घासली नाही.

"बाबा, हे काढायचंय का उघडून?" चिरंजीवांनी रॉकेलची वाटी पुढे करत विचारले.

"काढू. छर्रे तू मोजायचे. एका बाजूला नऊ."

सतरा भरले. अठरावा आम्ही रात्री साडेआठपर्यंत शोधला. तो तुळशीच्या कुंडीत निघाला.

एवढे झाल्यावर घोड्याची नवलाई ओसरली. सौ.ला लवकरच असा शोध लागला की त्याच्या आडव्या हातावर ओली चादर फार चांगली वाळते. दिवाळी जवळ आली तेव्हा आकाशकंदिलासाठी गॅलरीबाहेर हात काढणारी दुसरी कुठलीच सोय इतकी भक्कम नाही, असेही तिचे मत झाले. कंदील लाल पकडीत बसला, दिसलाही चांगला. खालून येणारे जाणारे माना वर करून पाहत.

अडचण आली ती दिवाळीआधीच्या शनिवारी. चिरंजीवांना रविवारी पुन्हा तुळजापूरला जायचे होते. या वेळी त्याने आईला आधीच सगळे सांगून टाकले होते, घाटातले, एस.टी.चे, मुरमाचे. ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होती. त्याच्याशी नाही, माझ्याशी! शनिवारी संध्याकाळी तिने काही न बोलता कंदील उतरवला, वायर गुंडाळून ठेवली आणि घोडा गॅलरीच्या मधोमध आणून उभा केला. मग स्वतः मोडा घेऊन समोर बसली. आम्ही सायकल चढवली. तेल नव्याने घातलेले होते, तरी दोन्ही मुठी वीस-वीस वेळा दाबून पाहिल्या. चाके काढली, बसवली. सायकल खाली उतरवली, चाके ढिली केली, तिच्या वजनावर बसू दिली आणि आवळली. "अजून एकदा," सौ. म्हणाली. आम्ही अजून एकदा आवळली.

रविवारी पहाटे पाचला तो गेला. मी उत्तरपत्रिका घेऊन बसलो, एकीचाही गुण मांडला गेला नाही. अकराच्या सुमारास फोन वाजला. मागे वाऱ्याचा आणि वाहनांचा आवाज होता.

"बाबा, घाट उतरलो. खाली चहा प्यायला थांबलोय."

"ब्रेक?"

"धरतायत. आईला सांगा, आता कंदील लावला तरी चालेल."

मी स्वयंपाकघराकडे वळून सांगायला गेलो तो सौ. गॅलरीत होती. स्टुलावर चढून ती कंदिलाची वायर सोडवत होती आणि घोड्याची पकड तिला एकटीला उघडत नव्हती.